स्वतंत्र रॅपर : गाणे, नाममुद्रा आणि हिशेब

(मंडळाच्या राजुरा येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, व्यसनमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती व्हावयासच हवीत. यंदा मंडळाने रॅप गाण्यावर बोलण्याचे ठरविले तेव्हा काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यात हा विषय एखाद्या गायकाकडे न देता बँकेतल्या लिपिकाकडे दिला, याचे तर सर्वांनाच आश्चर्य वाटले. मी मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो आणि नंतरची सगळी वर्षे काउंटरच्या मागे बसून काढली. गाण्याशी माझा संबंध जयंतीच्या मिरवणुकीत मागे राहून टाळ्या वाजविण्यापुरता.

तरीही मी हा विषय घेतला त्याला कारण आहे. अलीकडे आपल्या तालुक्यातली काही मुले खिडकीवर येऊन शाखेचा स्विफ्ट कोड विचारतात. "काका, यूट्यूबचे पैसे या खात्यात येतीन का?" असे विचारतात. परदेशातून पैसे यावयाचे असतील तरच हा कोड लागतो. म्हणजे राजुऱ्यात बसून, मोबाईलवर गाणे तयार करून, त्याची कमाई खात्यावर घेण्याचा विचार करणारी पिढी आपल्या घरात वाढते आहे. त्यातल्या एका मुलाने मला एक छापील कागद दाखविला. एका कंपनीने त्याच्या तीन गाण्यांचे मिळून पाच हजार रुपये दिले होते आणि त्या कागदावर त्याची सही होती. कागदात लिहिलेले त्याने वाचले नव्हते. मी वाचले. गाण्याचे शब्द, चाल, आवाज, चित्रफीत, सर्व काही कायमचे त्या कंपनीचे झाले होते. ती गाणी त्याने स्वतःच्या आजोबांवर लिहिलेली होती.

म्हणून आज मी स्वतंत्र रॅपरच्या वाटचालीबद्दल बोलणार आहे. गाणे मनातले असले म्हणजे गायक स्वतंत्र झाला असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की गाण्यावर नाव कोणाचे, हक्क कोणाचा आणि हिशेब कोणाच्या वहीत, हेही ज्याच्या हातात आहे तोच खरा स्वतंत्र.

रॅप म्हणजे काय?

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तालाच्या ठेक्यावर, यमक साधत, बोलल्यासारखे पण लयीत म्हटलेले काव्य म्हणजे रॅप. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या गरीब वस्तीत एका इमारतीच्या सामायिक खोलीत एक कार्यक्रम झाला. ज्या चळवळीला पुढे हिप-हॉप हे नाव मिळाले तिचा आरंभ त्या कार्यक्रमापासून मानतात. जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल हा तरुण तेथे तबकड्या वाजवीत होता. पुढे तो डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. कार्यक्रम भरविला होता त्याची बहीण सिंडी हिने, आणि तोही शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यास पैसे हवेत म्हणून. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश फी होती. विद्यार्थी मित्रहो, या कलेच्या पहिल्याच कार्यक्रमाचा हिशेब एका शाळकरी मुलीने ठेवला होता, हे लक्षात असू द्या.

ज्येष्ठांना मी एवढेच विचारीन की ही कला आपल्याला परकी का वाटावी? १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला हक्काची गोष्ट सवाल-जबाबातून आणि ठेक्यातून सांगितली. आपल्या भागात दंडार आहे, खडी गंमत आहे. समोरच्याला जागच्या जागी शब्दांत उत्तर देण्याची रीत कलगी-तुऱ्यापासून आपल्याकडे चालत आलेली आहे. रॅपर मुले गोल उभी राहून एकापुढे एक रचना म्हणतात त्याला ते 'सायफर' म्हणतात. आपण त्याला फड म्हटले असते.

स्वतंत्र कोण, निर्माता कोण?

या क्षेत्रात दोन शब्द वारंवार येतात. एक 'अंडरग्राउंड' आणि दुसरा 'प्रोड्युसर'. पहिला शब्द ऐकून पालक घाबरतात. आपल्या जिल्ह्यात तर भूमिगत म्हटले की वेगळाच अर्थ डोक्यात येतो. गाण्यात त्याचा अर्थ साधा आहे. मोठी कंपनी, चित्रपट वा दूरदर्शन वाहिनी यांच्या आश्रयाशिवाय, आपल्याच श्रोत्यांच्या बळावर जो गातो तो अंडरग्राउंड.

प्रोड्युसरचा अर्थही वेगळा आहे. चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा लावणारा. रॅपमधला निर्माता म्हणजे संगीत तयार करणारा. संगणकावर ढोलकी, हलगी, बासरी, वा रस्त्यावरचा एखादा आवाज घेऊन तो ठेका बांधतो, त्याला 'बीट' म्हणतात. पूर्वी यासाठी स्टुडिओ लागे. आता एफएल स्टुडिओसारखी प्रणाली, एक मायक्रोफोन आणि शांत खोली एवढ्यावर काम होते. मुंबईच्या कुर्ल्यातील नेझी या तरुणाने २०१४ साली 'आफत' हे गाणे आयपॅडवर तयार केले आणि त्यातूनच त्याचे नाव झाले. ज्या मुलाला लिहिणे, गाणे आणि बीट बांधणे ही तिन्ही कामे येतात तो कोणावर अवलंबून राहत नाही. म्हणून रॅप शिकणाऱ्याने बीट बांधणेही शिकावे, असा माझा आग्रह आहे.

येथे एक धोक्याची सूचना. यूट्यूबवर हजारो तयार बीट फुकट ऐकावयास मिळतात. ऐकणे फुकट असते, वापरणे फुकट नसते. ती बीट घेऊन गाणे प्रसिद्ध केले आणि गाणे चालले, तर त्या बीटचा मालक कमाईवर हक्क सांगतो किंवा गाणे काढावयास लावतो. वापरण्यापूर्वी परवाना लेखी घ्यावा. तोही भाड्याचा आहे की कायमचा, हे पाहावे.

विदर्भातून निघालेली वाट

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा तरुण '१००आरबीएच' या नावाने गातो. शंभराच्या आकड्यात 'सौ' आहे आणि पुढची अक्षरे मिळून 'सौरभ' होते. आपल्याच विदर्भातला हा मुलगा मराठी-हिंदीतून आणि आपल्या वऱ्हाडी ढंगात रॅप करतो. पुण्या-मुंबईच्या भाषेत बोलले तरच लोक ऐकतील, ही भीती त्याने बाळगली नाही. मुंबईतील 'स्वदेशी' या रॅपर मंडळींच्या गटाशी तो जोडला गेला. या गटाची रीत अशी की ज्याने त्याने आपल्या मातृभाषेत गावे. मराठीत एमसी मवाली, गुजरातीत एमसी तोडफोड, अशी ही मंडळी. विषय मात्र सर्वांचा एकच, आजूबाजूला जे घडते आहे ते.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी अशा मुलांना दक्षिणेकडील कोन्नकोल म्हणजे तोंडाने ताल म्हणण्याची विद्या शिकविली. त्या मेहनतीतून तयार झालेले 'इंडिया ९१' हे गाणे २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'गली बॉय' या चित्रपटात गेले. त्यात सौरभही आहे आणि स्वदेशीचे इतर गायकही. पुढे २०२३ साली तो एमटीव्हीच्या 'हसल' या रॅप स्पर्धेत उतरला आणि देशभरातल्या प्रेक्षकांनी वऱ्हाडी बोलीचा ठसका ऐकला. चित्रपटात आणि वाहिनीवर जाऊन आल्यानंतरही आपली बोली न सोडणे, ही या वाटचालीतली शिकण्यासारखी गोष्ट आहे. गाव सोडावे लागते, बोली सोडावी लागत नाही.

२०१९ मध्येच स्वदेशीने 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. मुंबईच्या आरे वसाहतीतील केलटीपाडा येथे राहणारे वारली कलावंत व कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. विषय जंगल, जमीन आणि तेथे राहणारी माणसे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. गाण्याने झाडे वाचली नाहीत. परंतु ज्या पाड्याचे नाव मुंबईकरालाही ठाऊक नव्हते, त्या पाड्याचा माणूस स्वतःच्या आवाजात देशासमोर उभा राहिला.

आपल्याकडे विषयांची वाण आहे काय? सास्ती-गोवरीच्या कोळसा खाणी आहेत, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने आहेत, रस्त्यावरची धूळ आहे, वर्धा नदी आहे, शेतात जाताना वाघाची भीती आहे. एकाच बाजारात मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू ऐकू येते. निजामाच्या राज्यातला हा तालुका १९५६ नंतर इकडे आला, म्हणून आपल्या बोलण्यात दोन्हीकडचे शब्द आहेत. 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत हसतात. रॅपमध्ये तोच उच्चार त्यांची ओळख ठरू शकतो.

याच स्वदेशी गटातील एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. गुजरातीतून रॅप करणारा मुंबईचा मुलगा. वर्षानुवर्षे गटासोबत गायल्यानंतर मार्च २०२२ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 'ट्रुथ अँड बेस' प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, तो आपल्यातून गेला. २० मार्च ही तारीख महाडच्या सत्याग्रहामुळे आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी या मुलाचीही आठवण काढावी असे मला वाटते. पहिल्या अल्बमचे फळ पाहावयास तो राहिला नाही. स्वतंत्र कलावंताच्या मागे ना भविष्यनिर्वाह निधी असतो, ना कंपनीचा विमा, ही गोष्ट अशा वेळी प्रकर्षाने जाणवते.

नाममुद्रा

आता नावाच्या प्रश्नाकडे येतो. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. प्रौढपणी मुंबईत त्यांना अक्षरओळख झाली आणि त्यानंतर त्यांनी हजारो गाणी रचली. १५ मे २००४ रोजी ते गेले. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे नाव गुंफीत. ही नाममुद्रेची रीत संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आली आहे. छापखाना नाही, नोंदणी नाही, अशा काळात कवीने आपला हक्क गाण्याच्या आतच बांधून ठेवला होता. शेवटचे कडवे गाळले तरच नाव पुसले जाई.

आणि ते गाळलेही गेले. १९८० च्या दशकात कॅसेट आली. कॅसेटने आपल्यावर मोठे उपकार केले, हे मान्य केले पाहिजे. दरवर्षी नागपूरच्या आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या जोडीला कॅसेटचे गठ्ठे विकले जात आणि घरोघरी गाणी पोहोचत. परंतु अनेक कवी-गायकांना एकरकमी मानधन मिळे आणि पुढे कॅसेट किती खपल्या याचा हिशेब त्यांना कळत नसे. वेष्टनावर गायकाचा फोटो असे, कवीचे नाव बारीक अक्षरात असे किंवा नसेच. आज आपण जयंतीला गाणी म्हणतो, त्यातली किती गाणी कोणी लिहिली हे आपल्याला सांगता येईल? हा प्रश्न मी तुमच्याइतकाच स्वतःलाही विचारतो.

आजचे बीट बांधणारे निर्माते काय करतात पाहा. गाण्याच्या अगदी सुरुवातीला दोन सेकंदांचा स्वतःच्या नावाचा आवाज टाकतात, त्याला ते 'टॅग' म्हणतात. ही वामनदादांची नाममुद्राच होय. फरक एवढाच की ती शेवटच्या कडव्यातून पहिल्या ठेक्यावर आली आहे.

नावाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे आले आणि जगभर गाजले. ते लिहिणारा आणि गाणारा अरिवु हा तमिळनाडूतील दलित रॅपर. त्याच्या आजीच्या, तिच्यासारख्या भूमिहीन मजुरांच्या कथा त्या गाण्यात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या सहगायिकेचा फोटो छापून आला, अरिवुचा नव्हता. लोकांनी आवाज उठविला तेव्हा पुढे त्याचेही मुखपृष्ठ निघाले. पैशाचे तर आणखी पुढे. २०२४ साली त्या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्याच्या कमाईतला एक पैसाही आपल्याला मिळालेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याची ही अवस्था. मग राजुऱ्याच्या मुलाने पाच हजारांवर सही करण्यापूर्वी किती वेळा विचार करावा?

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक रॅपरने पाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट. गाणे लिहून काढले वा ध्वनिमुद्रित केले की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क या हिशेबाने २०६४ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे.

दुसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्याचा वापरच केला नाही, आणि करारात तसे वेगळे लिहिलेले नसेल, तर तो हक्क परत येतो. म्हणूनच कंपन्यांच्या छापील कागदात 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द असतात. सही करण्यापूर्वी हे दोन शब्द शोधा.

तिसरी गोष्ट. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. कवी-गीतकार जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती. या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला आणि हा हक्क करारानेही सोडून देता येणार नाही असे ठरविले. ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गीतकाराला आणि संगीतकाराला तिचे सभासद होता येते.

चौथी गोष्ट. कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे, सर्व हक्क विकले तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. जे नाममुद्रेने केले, ते या कलमाने कायद्यात लिहून ठेवले.

आणि पाचवी गोष्ट शाळकरी मुलांसाठी. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याच्या दृष्टीने करारच नव्हे. तेव्हा कोणी कागद पुढे केला तर तो घरी न्या, पालकांना आणि जाणत्या माणसाला दाखवा.

पोट कसे भरते?

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो. मी त्यांना खोटी आशा दाखविणार नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतून कमाई सुरू होण्यासाठी सर्वसाधारणपणे एक हजार सभासद आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे व्हावे लागते, आणि शंभर डॉलर जमल्याखेरीज पैसे खात्यावर येत नाहीत. स्पॉटिफाय या गाण्यांच्या सेवेवर २०२४ पासून नियम असा आहे की वर्षभरात एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. त्यापुढेही एका ऐकण्याला मिळतात ते पैसेच, रुपये नव्हेत. निव्वळ यावर घर चालवू असे म्हणणाऱ्या मुलाला मी खिडकीवरच थांबवून समजावतो.

कमाई येते ती प्रत्यक्ष कार्यक्रमांतून, दुसऱ्यासाठी बीट बांधण्यातून, जाहिरात वा चित्रपटासाठी लिहिण्यातून आणि स्वतःच्या निष्ठावंत श्रोत्यांकडून. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल या रॅपरने २०१३ साली आपल्या गाण्यांच्या एक हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरला काढल्या. तीच गाणी इंटरनेटवर फुकट होती. तरीही लोकांनी प्रती घेतल्या, कारण पैसे थेट त्याच्याकडे जात होते. २०१९ साली त्याची हत्या झाली. परंतु आपल्या ध्वनिमुद्रणाची मालकी आपल्याकडेच ठेवावी, हा त्याचा धडा आजही तरुण रॅपर सांगतात.

एवढ्या लांब जाण्याची तरी काय गरज? आपली झाडीपट्टी रंगभूमी पाहा. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची लगबग सुरू होते. गावचे मंडळ नाटक ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि रात्रभर नाटक चालते. पुण्या-मुंबईच्या मान्यतेची वाट न पाहता, आपल्या बोलीत, आपल्या प्रेक्षकाच्या तिकिटावर उभी राहिलेली ही रंगभूमी आहे. त्याच रंगभूमीवरील गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. स्वतंत्र कलेचा धंदा कसा चालतो हे शिकावयाचे तर आपल्याला वडशापर्यंत जाणे पुरेसे आहे. नट शेतीही करतो आणि हंगामात नाटकही करतो. रॅपरनेही पहिली काही वर्षे नोकरी वा शिक्षण सोबत ठेवावे, यात कमीपणा नाही. जलशातली मंडळी तरी कुठे केवळ गाण्यावर जगत होती? दिवसा काम आणि रात्री जलसा, अशीच त्यांची रीत होती.

जबाबदारी

स्वतंत्र गायकाला जपून राहावे लागते हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदात त्याच्या मर्यादाही आहेत. कंपनीच्या गायकामागे वकील उभा असतो, स्वतंत्र गायकामागे आईवडील उभे असतात. सत्तेला प्रश्न जरूर विचारावा, पण वापरलेल्या प्रत्येक शब्दाचा आधार आपल्याजवळ असावा. रॅपमध्ये शिव्या आणि स्त्रियांविषयी हलके बोल फार येतात, त्याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. ज्या परंपरेने आईला गाण्यात मानाचे स्थान दिले, त्या परंपरेतल्या मुलाला यमकासाठी शिवीची गरज पडू नये.

शिक्षणाबद्दल एक उदाहरण देतो. ओडिशातील कोरापुट हा आपल्यासारखाच जंगलाचा जिल्हा. तेथील सुमीत सामोस हा दलित रॅपर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकला आणि जातीच्या प्रश्नावर स्वतःच गाणी काढीत राहिला. २०२१ मध्ये त्याला इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा खर्च लोकांनी वर्गणी करून उभा केला. त्याचे पुस्तकही नागपूरच्या पँथर्स पॉ प्रकाशनाने काढले. गाण्याने त्याची पदवी अडविली नाही आणि पदवीने गाणे अडविले नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण बँकेचा माणूस त्याशिवाय खाली बसत नाही. गाणे दोघा-तिघांनी मिळून केले तर त्याच दिवशी एका कागदावर लिहा की शब्द कोणाचे, बीट कोणाची, वाटा किती, आणि सर्वांनी सह्या करा. मैत्री टिकवावयाची असेल तर हा कागद हवाच. गाण्याचे पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या, मित्राच्या नको. आलेल्या आणि गेलेल्या पैशाची वही ठेवा. खात्याला वारसाचे नाव लावा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, या सरकारी योजना प्रत्येक बँकेत आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने त्या घ्याव्यात. धर्मेश परमारच्या वयाची मुले समोर बसलेली पाहून हे सांगणे मला आवश्यक वाटते. स्टुडिओ धंदा म्हणून चालवावयाचा असेल तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाचा 'शिशु' प्रकार आहे, त्याची चौकशी करावी. मात्र कर्ज काढून महागडा मायक्रोफोन घेण्याआधी शंभर गाणी लिहून पाहावीत.

मंडळाकडे माझी दोन मागण्यांची चिठ्ठी आहे. मंडळाच्या वाचनालयातील एक खोली रविवारी या मुलांना सरावासाठी द्यावी. आणि आपल्या तालुक्यातील जुने गायक, कवयित्री, दंडारीचे कलावंत जे हयात आहेत, त्यांची गाणी या मुलांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, प्रत्येक गाण्यासोबत कवीचे नाव, गाव आणि साल लिहून. मुलांचा हात बसेल, जुने शब्द त्यांच्या कानावर पडतील, आणि ज्यांची शेवटची कडवी गाळली गेली त्यांची नावे पुन्हा गाण्यात येतील.

ज्या मुलाचा कागद मी वाचला, त्याला मी वकिलाकडे पाठविले आहे. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही. परंतु तो पुन्हा लिहू लागला आहे आणि चौथ्या गाण्याचा कागद त्याने स्वतःच तयार केला आहे, हे मला येथे सांगितले पाहिजे.

 जय भीम!